माहिती देणाऱ्याची सही

४ एप्रिल

ही वही मी स्वतः शिवली. आठ-आठ पानांचे दुमडलेले गठ्ठे, म्हणजे जुज, दुहेरी दोरा, पाठीला कापड. बेचाळीस वर्षे पुस्तकबांधणीचा व्यवसाय केला. शाळांच्या, कचेऱ्यांच्या, दुकानदारांच्या वह्या बांधल्या, परंतु स्वतःसाठी एकही बांधली नव्हती. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले. तरीही माझ्या अक्षरास आजवर कोणी नाव ठेविले नाही, आणि लिहिलेले खोडण्याची वेळ माझ्यावर आली नाही. या वहीतही खाडाखोड करणार नाही.

लिहिण्यास कारण असे की घरात बोलणे फार कमी झाले आहे. सूनबाई सात महिन्यांपूर्वी परदेशी विद्यापीठात तीन वर्षांच्या संशोधनासाठी गेल्या. आता चिरंजीव आणि नात यांनी त्यांच्याकडे राहावयास जावे असा बेत आहे. नात सहा वर्षांची. साखरेचा डबा कोठेही ठेवला तरी तेथे पोहोचते, म्हणून तिला सर्व जण मुंगी म्हणतात. विद्यार्थ्याच्या जोडीदारास व मुलांस तेथे राहण्याचा परवाना मिळतो, परंतु येत्या १ जुलैपासून हे परवाने बंद होणार आहेत. ज्यांचे त्याआधी मंजूर होतील ते जातील. बाकीच्यांनी तीन वर्षे दूरध्वनीवर भेटावे.

अर्जात चिरंजीवांच्या नावापुढे ‘आश्रित’ असे छापलेले आहे. नवरा बायकोचा आश्रित! मी शेजारी असे सांगितले आहे की चिरंजीवांची कंपनीच त्यांना पाठवीत आहे. हे पूर्ण असत्य नाही. कंपनीने रजा दिली आहे.

सूनबाईंविषयी माझी तक्रार नाही. हुशार आहेत, कामाला वाघ आहेत. फक्त पूर्वी त्यांना कमी ऐकू येत असे. मी हाक मारली तर त्यांना ऐकू जात नसे. चिरंजीवांनी हळू आवाजात मारली तरी जाई. मी कानांच्या डॉक्टरांकडे जाण्याचे सुचविले होते. त्या हसल्या. आणखी एक गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी तापाने अंथरुणावर असता मुंगीच्या बालवाडीसाठी त्यांनी माझी पेटी उघडून कागद काढून दिले होते. साधारण त्या सुमारापासून त्या मला ‘बाबा’ म्हणेनाशा झाल्या. ‘अहो’ म्हणतात, किंवा मुंगीकरवी निरोप धाडतात. नोकरीत बढती झाली की माणसे बदलतात.

९ एप्रिल

परवान्याच्या कचेरीचे पत्र आले. चिरंजीव मला व्हिसावाल्याकडे घेऊन गेले. एक खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर विमानाचे चित्र. त्याने पत्र वाचून दाखविले. मुंगीच्या जन्मदाखल्यात आई म्हणून ज्या स्त्रीचे नाव आहे ती आणि आमच्याकडे शिकत असलेली विद्यार्थिनी या दोघी एकच असल्याचे दिसत नाही. अठ्ठावीस दिवसांच्या आत समाधानकारक पुरावा द्यावा, अन्यथा मुलीचा अर्ज नामंजूर होईल.

“हे नाव कोणाचं आहे?” व्हिसावाल्याने विचारले.

चिरंजीवांनी दाखला हातात घेऊन पाहिला. बहुधा जन्मात प्रथमच. “हे तर माझ्या पणजीचं... नाही, आजीचं. बाबांच्या आईचं!”

व्हिसावाला हसू लागला. “अभिनंदन आजोबा! कागदाप्रमाणे ही पोर तुमची सख्खी बहीण लागते. या वयात बहीण झाली, पेढे द्या.”

“हसताय काय? सात महिने पोरगी आईशिवाय आहे,” चिरंजीव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “टाइप करणाऱ्या बाईनं घोळ घातलाय, दुसरं काय? नोंद करायला तुम्हीच गेला होतात ना बाबा? म्हणजे सांगताना बरोबरच सांगितलं असणार.”

मी मान हलविली. कोणत्या दिशेने हलविली हे त्यांनी पाहिले नाही.

ते नाव तेथे कसे आले हे मला ठाऊक आहे. आज येथे लिहिण्याचे कारण नाही.

११ एप्रिल

कारण आहे. वही स्वतःची असून तिच्यातही लपवावयाचे तर कागद वाया का घालवावा?

लग्नाच्या दिवशी मी सर्वांदेखत सूनबाईंना सांगितले होते की आजपासून या घरात तुम्ही माझ्या मातोश्रींचे नाव लावावे. माझ्या मातोश्रींनी दुसऱ्यांची भांडी घासून मला चौथीपर्यंत शिकविले. त्यांचे नाव पुन्हा घरात घेतले जावे एवढीच इच्छा होती. सूनबाई नम्रपणे म्हणाल्या, “बाबा, नाव छान आहे. पण माझं मला पुरतं.” पंचवीस माणसे हसली. त्यांत माझे व्याही सर्वांत मोठ्याने हसले.

मी त्यांना त्याच नावाने हाक मारीत राहिलो. त्यांना ऐकू येत नसे ते तेव्हाच.

पुढे मुंगी झाली. चिरंजीव रुग्णालयात धावपळ करीत होते, म्हणून नोंद करण्यास मी गेलो. खिडकीतील कारकुनांनी विचारले, “आईचं नाव?” मी मातोश्रींचे नाव सांगितले. त्यांनी लिहिले, मी खाली सही केली. ‘माहिती देणाऱ्याची सही’ असे तेथे छापलेले असते. खोटे बोलतो आहे असे तेव्हा वाटले नाही. जिंकलो असे वाटले.

नोंदी संगणकात चढल्यावर दाखला मीच काढून आणला आणि तो माझ्या पेटीत राहिला. परवान्याच्या अर्जासाठी फाइल मीच लाविली. मुंगीचे पारपत्र व्हिसावाल्याने सूनबाईंच्या पारपत्रावरून भरले होते. त्यात नाव योग्य आहे. दाखला फाइलमध्ये ठेवताना हात थांबला होता. परंतु परदेशातील साहेबास आपली लिपी कोठून वाचता येणार, असा विचार केला. भाषांतर करणाऱ्याने मात्र अक्षर न् अक्षर भाषांतर केले. प्रामाणिक मनुष्य.

१५ एप्रिल

आज जे घडले ते लिहावयास दोन वेळा बसलो आणि उठलो.

चिरंजीवांबरोबर जन्मनोंदणीच्या कचेरीत गेलो. तेथील नोंदणीबाई मला ओळखतात. तेथील सर्व जाड वह्या माझ्या हातच्या आहेत. पाच वर्षांपूर्वी त्या वह्यांतील नोंदी संगणकात चढविल्या गेल्या, ते काम या बाईंनी केले.

चिरंजीवांनी दाखला टेबलावर आपटला. “हे काय टाइप केलंय तुम्ही? आईचं नाव कुठलं, टाकलंय कुठलं! तुमच्या एका चुकीपायी माझ्या मुलीचा व्हिसा अडकलाय.”

“साहेब, आवाज खाली करा. वहीत दिसतं तेच मी टाइप करते. मनानं नावं घालायला मी काय तिची आत्या आहे?”

“वर तोंड करून बोलताय?”

“तोंड वर नाही, मान वर आहे. चूक असेल तर वही काढू, बघू.”

येथे मी गप्प बसलो असतो तरी पुष्कळ होते. परंतु रांगेतील सर्व माणसे पाहत होती, आणि चिरंजीव माझ्याकडे अपेक्षेने पाहत होते. मी म्हणालो, “बाई, सरकारी कामात लक्ष हवे. एका अक्षराने मनुष्याचे आयुष्य बिघडते.”

त्या माझ्याकडे वळल्या. “काका, तुम्ही तरी असं म्हणू नका.”

चिरंजीवांनी साहेबांकडे लेखी तक्रार दिली. साहेबांनी बाईंकडून खुलासा मागविला आहे. त्या कंत्राटावर आहेत. जूनमध्ये कायम होण्याच्या यादीत त्यांचे नाव होते, असे शिपायाने जिन्यात सांगितले. यंत्रावर छायाप्रती काढताना दाबून त्या वर्षीच्या वहीची पाठ फुटली आणि पाने सुटली आहेत. साहेब म्हणाले, आधी वही बांधून घ्या, सोमवारी २७ तारखेस सर्वांसमोर उघडू.

वही बांधणार कोण? मीच.

१९ एप्रिल

सूनबाईंचा फोन, चित्रासह. मुंगीने पडलेला दात कॅमेऱ्यास इतका चिकटविला की पडद्यावर नुसते पांढरे दिसले.

“अगं, मागे घे, मला दात दिसू दे,” सूनबाई म्हणाल्या.

“आई, बाबा म्हणतो कागदात तू माझी आई नाहीस. मग कोण आहेस?”

मग त्या म्हणाल्या, “आजोबांना विचार. कागद सगळे त्यांच्याकडेच असतात.”

सहज म्हणाल्या असाव्यात. मुंगीने मला विचारले. मी तिला दूध प्यावयास पाठविले.

नंतर चिरंजीव माजघरात फोनवर बराच वेळ हळू बोलत होते. मला एकच वाक्य ऐकू आले: “छे गं, बाबा? कसं शक्य आहे?”

२१ एप्रिल

नोंदणीबाई स्वतः वही घेऊन घरी आल्या. शिपायाकडे दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी पाणी दिले, त्यांनी घेतले नाही.

“काका, साहेबांनी पोच लिहून आणायला सांगितलीय.”

मी पोच लिहून दिली. दारात थांबून त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाकडे दिली असती तर मला घोर लागला असता. पानं इकडची तिकडं झाली तर मी संपले. तुमच्याकडे आहे म्हणून निश्चिंत आहे.”

एवढे बोलून गेल्या. मी त्यांना सरकारी कामात लक्ष देण्याचा उपदेश केल्यास सहा दिवस झाले आहेत.

२२ एप्रिल

दुपारी मुंगी शाळेत आणि चिरंजीव कामावर असताना मी वही उघडली. कोणीतरी मधल्या पानात कागदाची चिठोरी खुणेसाठी ठेविलेली होती, कोरी. ती काढली तर तेच पान निघाले. योगायोग म्हणावयाचा.

मुंगीची नोंद वरून दुसरी. तारीख, वेळ, वडिलांचे नाव, आईचे नाव. खाली माझी सही, वळणदार, शेपटासह. सहा वर्षांत शाई जराही फिकी झाली नाही.

आता जे लिहितो आहे ते मी कोणासही सांगणार नाही. माझ्या कपाटात त्याच वह्यांच्या आखलेल्या कागदांचे शिल्लक ताव आहेत. चांगला कागद मी कधी टाकून दिला नाही. ती शाईही मिळते. लिहिणारे कारकून वारले. त्यांचे अक्षर साधे होते. मी बेचाळीस वर्षे लोकांच्या अक्षरांकडे पाहिले आहे. एक ताव बदलून नवीन शिवला तर जगात कोणासही कळणार नाही. मग वहीत सूनबाईंचे नाव दिसेल, संगणकात दुसरे दिसेल, आणि चूक टाइप करणारीची ठरेल.

मी ताव काढला. आखणी जुळवून पाहिली. जुळली. सुरी दगडावर लावली.

ज्यांना आमचे काम ठाऊक नाही त्यांना वाटते की वहीतील एक पान काढता येते. शिवलेल्या वहीत एकटे पान नसते. ताव मधोमध दुमडतो, त्याची दोन पाने होतात, आणि दोरा घडीतून जातो. एक काढले की पलीकडचे त्याचे जोडपानही निघते. म्हणून जोडपानावरील नोंदीही मला उतरून काढाव्या लागणार होत्या. मी ते पान उघडले.

त्यावर चार नोंदी. शेवटच्या नोंदीत वडिलांचा व्यवसाय ‘हमाल’. आईचे नाव पूर्ण लिहिलेले, तिच्या वडिलांच्या नावासह; सांगणाऱ्याने आठवून आठवून सांगितले असावे. माहिती देणाऱ्याच्या सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा. थोडा फिरलेला. घाईत, किंवा आनंदात.

सर्व काही मला उतरता आले असते. तो अंगठा आला नसता.

मी सुरी खाली ठेविली. येथे स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढे मागे स्वतःशीच फुशारकी मारणार नाही: मी थांबलो तो सचोटीमुळे थांबलो नाही. अंगठा करता येत नाही म्हणून थांबलो. ज्यास सही येत नव्हती त्याने खरे सांगितले. मला सही येत होती.

नंतर पूर्ण वही उसवली, जुज लावले, नवीन दोऱ्याने शिवली, खळ लावून शिकंज्यात दाबून ठेविली. शिवण उत्तम झाली आहे.

२३ एप्रिल

चिरंजीवांना सांगितले. ते बूट काढीत होते. एक पायात, एक हातात, तसेच बसून राहिले.

मी सर्व क्रमाने सांगितले: लग्नातील वाक्य, खिडकी, सही. सुरीचे सांगितले नाही.

ते म्हणाले, “त्या बाईला मी काय काय बोललो, बाबा.”

मी म्हणालो, “मीही बोललो.”

“तुम्ही माहीत असून बोललात.”

त्यांनी दुसरा बूट काढून शांतपणे कोपऱ्यात ठेविला. ओरडले असते तर बरे झाले असते.

“ती मला फोनवर म्हणाली होती. दोनदा. ‘एकदा बाबांना विचारून बघ.’ मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, माझे बाबा उपाशी राहतील पण चुकीचं लिहिणार नाहीत.” मग म्हणाले, “तिला कसं माहीत होतं?”

मला ती पेटी आठवली. तीन वर्षांपूर्वीचा ताप आठवला. सूनबाईंनी किल्ली परत देताना ती माझ्या हातात दिली नव्हती, उशीजवळ ठेविली होती.

चिरंजीवांना मी म्हणालो, “ठाऊक नाही.” हे आणखी एक असत्य. पंधरा मिनिटांनी उठून गेलो आणि तेही खरे सांगितले.

२४ एप्रिल

चिरंजीव बोलले नाहीत. मुंगी दोघांमध्ये निरोप पोहोचवीत होती. “आजोबा, बाबा विचारतोय जेवलात का. आजोबा, बाबा म्हणतोय नाही विचारलं.”

२७ एप्रिल

कचेरीत चिरंजीव, मी आणि मुंगी. शाळेस सुट्टी होती. तिला एकटीला कोठे ठेवणार?

साहेबांनी वही मागविली. नोंदणीबाई भिंतीशी उभ्या होत्या, हातांत ओढणीचे टोक. वही उघडण्याआधीच मी उभा राहिलो आणि म्हणालो, “साहेब, बाईंची चूक नाही. वहीतही हेच नाव आहे. मी सांगितले तेच त्या वेळच्या कारकुनांनी लिहिले, आणि लिहिलेले यांनी टाइप केले. चुकीचे सांगणारा मी.” खिडकीपाशी रांग होती. मी ज्यांची पुस्तके बांधली असे दोन शिक्षक त्या रांगेत होते.

साहेब चांगले गृहस्थ. त्यांनी कोरा कागद पुढे केला. “आजोबा, बसून लिहा. नोंद करताना आईचं नाव अनवधानानं चुकीचं सांगितलं गेलं, खरं नाव असं असं. खाली सही. मी दुरुस्तीचा आदेश काढतो.”

मी लिहू लागलो. ‘अनवधानाने’ हा शब्द लिहिला. चांगला, भारदस्त शब्द आहे. मग मान वर केली तर समोर नोंदणीबाई होत्या. मी त्या शब्दावर एक रेघ ओढली. त्यापुढे ‘जाणूनबुजून’ असे लिहिले, आणि नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी सही केली. आयुष्यातील ही माझी पहिली खाडाखोड.

साहेब म्हणाले, “अहो आजोबा, याचा त्रास होऊ शकतो तुम्हाला. कशाला ओढवून घेताय?”

“होऊ द्या.”

“बाबा, व्हिसाला अडचण नको यायला,” चिरंजीव हळूच म्हणाले.

“दुरुस्ती दुरुस्तीच असते,” साहेब म्हणाले. “त्याला अडचण नाही. ह्यांना आहे.”

पुढे लिहावयाचे होते सूनबाईंचे पूर्ण नाव, पारपत्रात आहे तसे: त्यांचे, त्यांच्या वडिलांचे आणि माहेरचे आडनाव. लेखणी टेकविली आणि थांबली. व्याह्यांना मी सात वर्षे ‘व्याही’च म्हणत आलो. त्यांचे नाव मला आठवेना. पत्रिकेवर वाचले असेल तेवढेच.

चिरंजीव खिडकीकडे पाहत उभे होते. त्यांनी मुद्दाम मदत केली नाही असे मला वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मुंगी माझ्या कोपराशी होती. “आजोबा, आईचं नाव नाही येत तुम्हाला?”

रांगेतील कोणीतरी खोकले.

“सांग,” मी म्हणालो.

तिने शाळेत हजेरी देतात तसे ताठ उभे राहून आईचे पूर्ण नाव सांगितले. मी लिहून घेतले. ती पंजांवर उभी राहून पाहत होती. एक वेलांटी मी दिली नव्हती, तीही तिने दाखविली.

वहीतील जुनी नोंद पुसत नाहीत. ती तशीच राहते, तिच्याजवळ समासात तांबड्या शाईने दुरुस्ती लिहितात आणि माहिती देणारा पुन्हा सही करतो. मी सही केली. या वेळी शेपूट काढले नाही.

निघताना नोंदणीबाईंपुढे हात जोडले. काय बोलावयाचे ते घरी ठरविले होते. मी तोंड उघडण्याआधी त्याच म्हणाल्या, “काका, पानात खूण ठेवली होती, सापडली ना?”

“ती खूण तुमची?” मी विचारले.

“मी पान आधीच बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “सहीसुद्धा. घरी दोन लेकरं आहेत माझी. वही दिल्यापासून डोळा लागला नाही काका, खोटं कशाला सांगू?” मग वहीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “शिवण छान घातलीय.”

म्हणजे ‘निश्चिंत आहे’ हे त्या मला धीर देण्यासाठी म्हणाल्या होत्या. धीर, मला.

चिरंजीवांनी तक्रार मागे घेतली आणि बाईंची क्षमा मागितली. परत येताना रिक्षात मुंगीला मध्ये बसवून आम्ही दोन बाजूंस बसलो.

१४ मे

दुरुस्त दाखला आणि माझे निवेदन परवान्याच्या कचेरीत मुदतीत पोहोचले. आता केवळ वाट पाहणे.

शेजारच्या शिंप्याने विचारले, “काय, कंपनी कधी पाठवतेय पोराला?” मी म्हणालो, “कंपनी नाही पाठवीत. माझ्या सूनबाई तेथे शिकत आहेत. त्यांचा आश्रित म्हणून तो जातो आहे.” शिंपी म्हणाला, “ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्हीच कंपनी कंपनी करत होता, म्हणून आम्हीपण कंपनी म्हटलं.”

३ जून

मला कचेरीतून ताकीद मिळाली आहे, लेखी. खोटी माहिती दिल्याबद्दल. वयाकडे पाहून पुढील कारवाई नाही. कागद पेटीत ठेविला. मग काढून टेबलावर ठेविला. पेटीत ठेवण्याची सवय मोडावयास हवी.

नोंदणीबाई कायम झाल्या. शिपायाने सांगितले. मी जाऊन अभिनंदन करावे की न करावे याचा विचार करीत दोन वेळा त्यांच्या रस्त्याने गेलो आणि परत आलो.

१८ जून

परवाने मंजूर. दोघांचेही. व्हिसावाल्याने फोन करून सांगितले, आणि म्हणाला, “आजोबा, बहीण चालली हं परदेशात!” मी रागावलो नाही.

सायंकाळी सूनबाईंचा फोन आला. चिरंजीवांनी तो माझ्या हातात दिला आणि मुंगीला घेऊन गच्चीत गेले. मी क्षमा मागितली. घरी पाठ केले होते, पाठ केल्यासारखेच झाले.

त्या म्हणाल्या, “मी तो कागद तीन वर्षांपूर्वी बघितला.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“मी काय बोलायचं? तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.” मग म्हणाल्या, “नाव नको म्हटल्याचा राग समजू शकते. पण माझ्या मुलीच्या कागदावरून मलाच काढून टाकलंत. बाळंतपणात मी मेले असते, तर तिला कधी कळलंच नसतं की मी कोण होते.”

हे मला आजवर सुचले नव्हते. सहा वर्षांत एकदाही नाही.

मी म्हणालो, “क्षमा करा म्हणण्याचाही मला अधिकार नाही.” त्या म्हणाल्या, “बघू.” मग मुंगीच्या स्वेटरांविषयी बोलल्या. ‘बाबा’ म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली होती, हे येथे नमूद करतो.

२६ जून

दोघे गेले. मुंगीच्या पाठपिशवीत मी बांधलेली एक छोटी वही दिली आहे. पहिल्या पानावर तिने स्वतःचे नाव लिहिले, खाली आईचे पूर्ण, वेलांटीसह, आणि मला म्हणाली, “विसरलात तर मला फोन करा.”

चिरंजीवांनी दारात वाकून नमस्कार केला. पूर्वीसारखा नव्हता, परंतु केला.

२८ जून

घर फार नीटनेटके आहे. साखरेचा डबा जागेवर आहे.

ती जन्मनोंदवही आता कचेरीच्या कपाटात आहे. जुनी नोंद, तांबडी दुरुस्ती, माझ्या दोन सह्या. माझी शिवण शंभर वर्षे सुटत नाही. पुढे कधी कोणी मुंगीचा दाखला मागेल, त्या त्या वेळी कोणी तरी ते पान उघडून वाचील. काम चांगले केल्याची शिक्षा, असे म्हणावयाचे.

५ जुलै

आज मी स्वतः फोन लाविला. अंक एकेक करून, कागदावरून. आजवर नेहमी चिरंजीव लावून देत.

सूनबाईंनी उचलला. मागे मुंगीचा आवाज, भांड्यांचा आवाज. “हॅलो, कोण?”

‘मी बोलतोय’ असे म्हणणार होतो. त्याऐवजी मी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली. त्यांच्या स्वतःच्या नावाने. लग्नाला सात वर्षे झाली. हे नाव माझ्या तोंडातून प्रथमच निघाले, त्यामुळे जरा मोठ्याने निघाले.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मी कानाशी फोन धरून उभा होतो.

“हं,” त्या म्हणाल्या. “ऐकू येतंय.”